भराव भिंती आणि काँक्रीटचा सांगाडा : भार नेमका कोणावर?

भुजच्या भूकंपात २६ जानेवारी २००१ रोजी केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावरील अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांतील अनेकींचा तळमजला वाहनतळासाठी मोकळा होता आणि विटांच्या भिंती फक्त वरच्या मजल्यांवर होत्या. अशी रचना मुंबई-पुण्यातही सर्रास आढळते.

काँक्रीटच्या सांगाड्यातील भराव भिंत हा केवळ आडोसा मानून संकल्पनात तिचे वजन तेवढे धरण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. भूकंपाला मात्र ही समजूत मान्य नसते. धक्क्याने खांब-तुळयांची चौकट तिरपी होऊ लागताच आत घट्ट बसलेली भिंत तिला अडवते. तिच्यात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे दाबाचा पट्टा तयार होतो व तो तिरक्या टेकूचे काम करतो. धक्क्याची दिशा उलटली की दुसरा कर्ण कामाला लागतो. भूकंपानंतर भिंतींवर फुलीच्या आकाराच्या भेगा दिसतात त्या यामुळेच. भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीने भराव भिंतीचा हा तिरका टेकू गणितात धरण्याची पद्धत दिली आहे.

भिंतींमुळे वरचे मजले ताठ होतात आणि जवळजवळ सारी हालचाल मोकळ्या तळमजल्याच्या खांबांवर येते. म्हणून २००२ च्या आवृत्तीत अशा मजल्याचे खांब व तुळया अडीचपट बलांसाठी संकल्पित करण्याचा पर्याय होता. अर्ध्या उंचीच्या भिंतीचा धोका निराळा. खिडकीलगतच्या खांबाचा मोकळा भाग आखूड राहतो, जास्त बल ओढून घेतो आणि तिरका चिरतो.

उभ्या भाराचा प्रश्न बांधकामाच्या क्रमाशी निगडित आहे. भिंत तुळईला लगेच भिडवली, तर पुढील मजल्यांच्या भाराने वाकणारी तुळई तिच्यावर टेकते आणि भिंत तडकते. त्यासाठी वरचा थर शेवटी, शक्यतो वरच्या मजल्यापासून खाली येत भरणे हितावह ठरते. भिंत आणि सांगाडा यांत कायमची फट ठेवण्याचाही मार्ग आहे. परंतु तेव्हा भिंत बाहेर कोसळू नये म्हणून तिला स्वतंत्र आधार द्यावा लागतो, आणि नेमके हेच काम बांधकामस्थळी राहून जाते.

तळमजल्यावर दुकान काढण्यासाठी नंतर भिंत पाडल्यासही तो मजला असाच कमकुवत होऊ शकतो.