पीतकंठी रानचिमणी

पॅसेरिडी कुलातील लहान गाणारा पक्षी. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. सातारा-सांगलीच्या कोरड्या पूर्व भागातल्या विरळ झाडीच्या माळरानासारखा, शेताच्या बांधांचा मुलूख तिला मानवतो. लांबी सुमारे १४ सेंमी.; अंग रेघाविरहित राखी-तपकिरी, पंखांवर पांढरे पट्टे. नराच्या खांद्यावर तांबूस डाग, गळ्यावर पिवळा ठिपका. मात्र हा ठिपका लांबून सहसा दिसत नाही, म्हणून ती साधी चिमणी समजून दुर्लक्षिली जाते. पेरलेल्या किंवा कापणी झालेल्या रानात ती थव्याने जमिनीवर उतरून धान्य, गवताचे बी व किडे टिपते. फुलांतला मधही पिते, तेव्हा तोंड परागांनी माखते. आवाज घरचिमणीपेक्षा मंजुळ. उन्हाळ्यात झाडाच्या ढोलीत, अनेकदा सुतार किंवा तांबट पक्ष्याने सोडलेल्या भोकात, घरटे करते. त्यामुळे बांधावरचे वठलेले झाड तोडले की तिची वीणजागाच जाते. लहानपणी मुंबईत छर्ऱ्याच्या बंदुकीने टिपलेली अशीच चिमणी ओळखून घ्यायला पुढे पक्षिशास्त्रज्ञ झालेले सलीम अली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, तेथे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती ओळखली. सलीम अलींच्या १९८५ च्या इंग्रजी आत्मचरित्राच्या शीर्षकात हीच चिमणी आहे.