पार्सनेज डाउन

पार्सनेज डाउन : इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र. सॉल्झबरी प्लेनवर, स्टोनहेंजच्या पश्चिमेस काही किमी.वर, विंटरबोर्न स्टोक या खेड्यालगत. क्षेत्रफळ सु. २७५ हेक्टर. नावातील ‘डाउन’ म्हणजे खडूच्या खडकाची बोडकी टेकडी. व्यवस्थापन नॅचरल इंग्लंड या शासकीय संस्थेकडे आहे.

खडकावर मातीचा थर अगदी पातळ असतो. पाऊस झिरपून जातो, फॉस्फरस अत्यल्प. माळाची श्रीमंती या कसहीन मातीतच आहे. जोमदार गवते माजत नाहीत, त्यामुळे बुटक्या वनस्पतींना ऊन मिळते. अशा जुन्या माळावर एका चौ. मी.मध्ये ४० पर्यंत जाती आढळतात. दुसऱ्या महायुद्धात व त्यानंतर असे बहुतेक माळ नांगराखाली गेले. हा वाचला, कारण येथील शेतकऱ्याने टेकडीवर नांगर आणि रासायनिक खत येऊ दिले नाही. पुढे जमीन निसर्गसंवर्धन यंत्रणेकडे आली, ती चालत्या शेतासकट.

येथील खरे माळी म्हणजे गुरे-मेंढ्या. लाँगहॉर्न गुरे जिभेने वेढा घालून गवत उपटतात, त्यामुळे चारा उंचसखल राहतो. मेंढ्या तो मुळाशी कुरतडतात. चराई किती व केव्हा असावी याबाबत मतभेद आहेत: फुलझाडांच्या अभ्यासकांना आखूड गवत हवे असते, काही फुलपाखरांना वाढलेले. चराई थांबली तर मात्र काटेरी झुडपे माळ व्यापतात.

जळक्या शेंड्याच्या आमरासाठी (ऑर्किड) हे स्थळ विशेष महत्त्वाचे. वनस्पती जेमतेम बोटभर उंच. तुऱ्याच्या खालची उमललेली फुले पांढरी, त्यांवर तांबडे ठिपके. वरच्या मिटलेल्या कळ्या गडद किरमिजी, म्हणून शेंडा आगीने होरपळल्यासारखा दिसतो. हिरव्या पंखांचे आमरही येथे विपुल फुलते. पिवळ्या मुंग्यांच्या वारुळांवर रानओवा (थाइम) वाढतो. नांगराच्या एका फेऱ्यात मोडणारी ही वारुळे जमीन पिढ्यान्‌पिढ्या न नांगरल्याची साक्ष देतात. माळावरचे बी गोळा करून आसपासच्या शेतजमिनी पुन्हा गवताळ करण्यासाठी वापरतात.

पक्षी : चंडोल इत्यादी.

पुरातत्त्व : प्राचीन शेतांच्या बांधांच्या खुणा.

स्टोनहेंजजवळील ए३०३ रस्त्याच्या बोगद्यातून निघणारा खडू लगतच्या जमिनीवर पसरून नवा माळ घडवण्याची योजना होती. जुलै २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने बोगद्याचा प्रकल्प रद्द केला.