डिझेलचा स्क्रू आणि धुराचा हिशेब

आपल्या बोलीत 'पिकअप' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे मागे मोकळा हौदा असलेली माल वाहणारी गाडी. दुसरा म्हणजे गाडीचा दम. 'गाडी पिकअप घेत नाही' अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजमध्ये येतो आणि मिस्त्री आधी पंप-नोझलकडे पाहतो. हा पंप मुळात किती डिझेल सोडायचे हे ठरवण्यासाठी बनला. त्या 'किती'चा इतिहास सव्वाशे वर्षांचा आहे. वरवर तो यंत्राचा इतिहास वाटतो, पण त्यात माणसांचा हिस्सा मोठा आहे.

'डिझेल' हे मुळात एका माणसाचे आडनाव. रुडॉल्फ डिझेलचा जन्म 1858 साली पॅरिसमध्ये जर्मन आई-बापांच्या पोटी झाला. त्या काळी कारखाने वाफेवर चालत. वाफेची यंत्रे अवाढव्य आणि महाग, आणि कोळशातली बहुतेक उष्णता वाया घालवणारी. ती फक्त भांडवलदाराला परवडत. लहान कारागिराच्या हातातही स्वतःचे स्वस्त यंत्र असावे, म्हणजे तो मोठ्या कारखान्यासमोर टिकेल, असे डिझेलचे म्हणणे होते. 1903 साली त्याने समाजरचनेवर 'सॉलिडारिस्मुस' नावाचे पुस्तकही लिहिले. ते फारसे खपले नाही. यंत्र मात्र जगभर गेले.

1897 साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची चाचणी झाली. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे 26 टक्के उष्णतेचे त्याने कामात रूपांतर केले. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त होते. या इंजिनात ठिणगी नाही. हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी, आणि मग त्यात इंधन सोडायचे. ते आपोआप पेटते.

पेट्रोलच्या इंजिनात आपण पेडल दाबतो तेव्हा हवेची वाट उघडते आणि हवेच्या मागोमाग पेट्रोल येते. डिझेलमध्ये तसे नाही. तिथे हवा दर फेरीला पूर्ण भरली जाते आणि पेडल फक्त इंधन कमी-जास्त करते. म्हणून डिझेल इंजिनात इंधनाचे माप हेच ताकदीचे माप असते. ज्याच्या हातात हे माप, त्याच्या हातात इंजिन.

पण हे माप घेणे सोपे नव्हते. डिझेलच्या पहिल्या इंजिनात इंधन आत ढकलायला दाबलेली हवा वापरत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. एवढे धूड जहाजावर चालले, कारखान्यात चालले. मोटारीत बसवणे कठीण होते. 1913 साली इंग्लंडला जाताना बोटीवरून डिझेल बेपत्ता झाला आणि पुढे समुद्रात त्याचे प्रेत मिळाले. रस्त्यावर धावणारा डिझेल ट्रक पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

तो प्रश्न सोडवला श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने. 1922 साली तिथे काम सुरू झाले आणि 1927 साली पंप मोठ्या संख्येने तयार होऊ लागले. त्या पंपातली युक्ती आजही पाहण्यासारखी आहे. एका नळीत एक दट्ट्या वर-खाली होतो. दोघांमधली फट दोन-चार मायक्रॉनची. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड असतो. आपल्याकडचे पंप मिस्त्री या जोडीला 'एलिमेंट' म्हणतात. दट्ट्याच्या अंगावर तिरकी खाच असते. दट्ट्या थोडा फिरवला की खाच नळीच्या छिद्रासमोर लवकर किंवा उशिरा येते आणि तेवढे कमी किंवा जास्त डिझेल पुढे जाते. फिरवण्याचे काम दात्यांची एक पट्टी करते. ती पट्टी कुठपर्यंत सरकू द्यायची याची हद्द एका स्क्रूने बांधलेली असते. पंप कॅलिब्रेट झाला की त्या स्क्रूला तार बांधून सील मारायचे, ही जुनी रीत.

हद्द कशासाठी? कारण डिझेल वाढवता येते, पण हवा तेवढीच राहते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात धूर टाळायचा तर त्याहून जास्त. हवा कमी पडली की उरलेले इंधन अर्धवट जळते आणि काजळी होऊन बाहेर पडते. शिवाय धुराचे तापमान चढते. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते. तेलाचा फवारा पिस्टनला थंड ठेवतो, पण त्यालाही मर्यादा आहे. तेव्हा काळा धूर म्हणजे ताकद नव्हे. ताकद व्हायच्या आधीच वाया गेलेले ते इंधन असते.

याचा जाहीर धडा अमेरिकेत 1952 साली मिळाला. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी क्लेसी कमिन्स या मेकॅनिकने 1919 साली इंजिनांची कंपनी काढली होती. 1931 साली तिच्या डिझेल गाडीने इंडियानापोलिसची 500 मैलांची शर्यत एकदाही न थांबता पूर्ण केली आणि तेरावा क्रमांक मिळवला. 1952 साली कंपनीने टर्बो लावलेली गाडी आणली. धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा दाबण्याची ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखीने 1905 मध्ये मांडली होती. पात्रता फेरीत या गाडीने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, मिळवली. शर्यतीत मात्र टर्बोच्या तोंडाशी ट्रॅकवरच्या रबराचा कचरा अडकला, हवा तुटली आणि गाडीला बाहेर पडावे लागले. डिझेल भरपूर होते, श्वासच कोंडला.

हीच कमिन्स कंपनी 1962 साली किर्लोस्करांबरोबर पुण्यात आली. पण पिकअपची खरी गोष्ट घडली अमेरिकेत, 1989 साली. डॉज कंपनीने आपल्या पिकअपमध्ये कमिन्सचे 5.9 लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन बसवले. कंपनीने त्याची ताकद 160 अश्वशक्तीवर बांधली होती. इंजिनाचा सांगाडा शेतीयंत्रांच्या आणि ट्रकच्या कामाला पुरेल इतका दणकट होता. म्हणजे लोखंडात दम खूप होता, लगाम होता पंपात.

हे शेतकऱ्यांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. सील तोडून स्क्रू फिरवला की गाडी बदलते! 1994 च्या मॉडेलला बॉशचा P7100 हा मोठा पंप आला आणि हुनरवाल्यांना पर्वणीच मिळाली. त्या पंपात पट्टीची हद्द एका छोट्या लोखंडी पत्तीने ठरते. ती पत्ती घासायची किंवा बदलायची. टर्बोचा दाब चढेपर्यंत डिझेल रोखून धरणारा एक पडदा असतो, तोही सैल करायचा. जाणते लोक सोबत मोठा टर्बो आणि धुराचे तापमान दाखवणारा काटा बसवत. अडाणी नुसते डिझेल वाढवत आणि काळा धूर सोडण्यातच मर्दानगी मानत.

पुढे स्क्रू नाहीसा झाला. 1997 साली अल्फा रोमिओ 156 ही कॉमन रेल असलेली पहिली प्रवासी कार आली. डॉजच्या पिकअपमध्ये ही पद्धत 2003 च्या मॉडेलपासून आहे. डिझेल कायम प्रचंड दाबाखाली तयार आणि नोझल कधी, किती वेळ उघडायचे हे संगणक ठरवणार. आता पान्याच्या जागी लॅपटॉप आला. 2007 नंतर अमेरिकेत काजळी गाळणारे फिल्टर आले, तर लोक तेही काढू लागले. तिथल्या पर्यावरण संस्थेने 2020 साली अंदाज दिला की, दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली.

मग दोष फक्त गॅरेजवाल्याचा का? 2015 साली फोक्सवॅगनची चोरी उघड झाली. चाचणीत धूर स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, असे सॉफ्टवेअर जगभरातल्या 1 कोटी 10 लाख गाड्यांत होते. 2023 च्या अखेरीस खुद्द कमिन्सवर आरोप झाला की, लाखो रॅम पिकअपच्या इंजिनांत तिने प्रदूषण नियंत्रणाला बगल देणारे सॉफ्टवेअर घातले. कंपनीने गुन्हा कबूल केला नाही, पण 167.5 कोटी डॉलर दंड भरायला ती तयार झाली. गल्लीतला मिस्त्री सील तोडतो ते उघड दिसते. कारखान्यातले सील कोणी तोडले हे कळायला वर्षे लागतात.

आपल्याकडेही 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा धूर मोजला जातो. तरी जास्त माल भरायचा, घाट चढायचा, म्हणून 'थोडे डिझेल वाढव' हा आग्रह संपलेला नाही. हप्ता भरणाऱ्या माणसाला गाडीचा दम आज हवा असतो. त्याची गरज खोटी नाही. पण वाढवलेल्या डिझेलचा उरलेला हिस्सा कुणाच्या तरी छातीत जातो.

कुणाच्या, हेही मोजले गेले आहे. अमेरिकेतल्या आठ खाणींमधल्या 12,315 कामगारांचा अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. जमिनीखाली सर्वांत जास्त डिझेल धूर घेतलेल्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत कमी धूर घेतलेल्यांच्या सुमारे तिप्पट आढळला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले.

रुडॉल्फ डिझेलला आपले इंजिन लहान कारागिराच्या हाती द्यायचे होते. ते त्याच्या हाती आले खरे. आज बंद शटरच्या आत इंजिन चालू ठेवून धुराचा रंग पाहत, मान वाकवून पंपाचा स्क्रू फिरवणारा माणूस तोच आहे, आणि पहिला धूर त्याच्याच छातीत जातो. म्हणून गाडी पिकअप घेत नसेल, तर आधी एअर फिल्टर पाहा, टर्बोचे पाइप पाहा, नोझल तपासून घ्या. अनेकदा गाडी डिझेल मागत नसते, हवा मागत असते. आणि स्क्रू फिरवण्याआधी दुकानाचे शटर तरी वर करा.