विटलेला रंग हाही पुरावाच

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. ‘मेम्फिस बेल’ या विमानाचा रंग कोणता होता?

कागदावर उत्तर तयार आहे. दुसऱ्या महायुद्धातलं हे अमेरिकन बी-१७ बॉम्बफेकी विमान. वरून ‘ऑलिव्ह ड्रॅब’, म्हणजे मळकट शेवाळी, आणि पोटाकडून राखाडी. पण १९४३ साली विल्यम वायलर यांनी इंग्लंडमध्ये अशा विमानांचं रंगीत चित्रण केलं. ते बघितलं, तर एकाच विमानावर शेवाळी, तपकिरी, कुठे जांभळट अशा छटा दिसतात. मग खरं काय मानायचं, कागद की चित्र?

आधी रंग विटतो कसा ते पाहू. रंगात दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याची पूड आणि तिला धरून ठेवणारा बांधक. उन्हातले अतिनील किरण या बांधकाला तोडतात. तो झिजला की पूड मोकळी होते आणि पृष्ठभाग पांढुरका दिसू लागतो. जुन्या भिंतीला टेकलं की पाठीला चुना लागतो ना, तसंच. युद्धातली विमानं चमकू नयेत म्हणून त्यांचा रंग मॅट ठेवत. अशा रंगात पूड जास्त, बांधक कमी. म्हणजे लपण्यासाठी लावलेला रंगच लवकर विटणारा!

दुसरं म्हणजे, बी-१७ चं अंग ॲल्युमिनियमचं, पण सुकाणूसारखे हलणारे भाग कापडाने मढवलेले. कापडावरचा लेप वेगळा, त्यामुळे तो विटायचाही वेगळा. त्यात इंजिनाचा धूर, सांडलेलं तेल आणि दुरुस्तीनंतर लावलेले ताज्या रंगाचे ठिगळ. तेव्हा कागदही खोटा नाही आणि चित्रही खोटं नाही. कागद सांगतो कारखान्यातला पहिला दिवस. चित्र सांगतं त्यानंतरचे महिने. अर्थात फिल्मचाही स्वतःचा रंग असतो, म्हणून एकाच चित्रावर विसंबून चालत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या विमानाने मे १९४३ मध्ये २५ मोहिमा पुऱ्या केल्या; त्यानंतर ते मायदेशी परतलं आणि युद्धरोख्यांच्या प्रचारासाठी गावोगाव फिरलं. १९४६ मध्ये मेम्फिस शहराने ते ३५० डॉलरना घेतलं. पुढे कित्येक वर्षं ते उघड्यावर उभं होतं. २००५ मध्ये ते डेटनच्या हवाईदल संग्रहालयात आलं आणि १७ मे २०१८ रोजी नव्या रूपात लोकांसमोर आलं. दुरुस्ती चालू असताना, रंगाचे थर निघाल्यावर, पत्र्यावर ओरखडून लिहिलेली नावं सापडली. प्रचारदौऱ्यात विमान बघायला आलेल्या सामान्य माणसांची ती नावं!

इथे आपण थांबून विचार करायला हवा. जुना रंग काढला नसता, तर ती नावं दिसली नसती. पण काढलेला थर परत येत नाही, आणि त्यात साठलेली उन्हापावसाची वर्षंही जातात. नवा रंग कितीही अचूक असो, तो आपण निवडलेला एक दिवस दाखवतो.

म्हणून पुढच्या वेळी संग्रहालयात कोरं करकरीत विमान पाहिलं, की आपण दोन प्रश्न विचारू. हा रंग कोणत्या दिवसाचा? आणि तो लावण्याआधी खालच्या थरांची नोंद कुणी केली होती का?