न्हाणीमागची कर्दळ

उपासाचं ताट जरा नीट बघा. बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, साबुदाणा, हिरवी मिरची. वरीचे तांदूळ सोडले तर बाकी सगळी मंडळी मूळची अमेरिकेची. सातासमुद्रापलीकडून आलेल्या एवढ्या पाहुण्यांना आपण थेट सोवळ्यात घेतलं, मग त्यांच्याच गावच्या कर्दळीने काय घोडं मारलं होतं? तिला आपण न्हाणीच्या पाण्यावर उभी केली ती आजतागायत.

अँडीजच्या मुलखात हिला अचिरा म्हणतात. पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर हुआका प्रिएता नावाचं एक टेकाड आहे. जूनियस बर्ड यांनी १९४६ साली ते खणायला घेतलं, तेव्हा मातीची भांडी येण्याच्याही आधीच्या थरांत कर्दळीचे अवशेष निघाले. म्हणजे चार हजारांहून जास्त वर्षं हे खाणं चालू आहे. कुस्कोकडे तिचे कंद तापल्या दगडांबरोबर जमिनीत पुरून भाजतात आणि कॉर्पस क्रिस्तीच्या सणाला विकतात. इक्वेडोरात तिच्या पानात गोड पीठ बांधून उकडतात. आपल्या पातोळ्यांची सख्खी बहीण म्हणा, फक्त हळदीच्या पानाचा वास नाही.

ती निघाली मात्र शोभेची म्हणून. सोळाव्या शतकात स्पेन-पोर्तुगालात पोचली, तिथे कुंड्यांत लागली. १६९२ साली छापलेल्या ‘होर्तुस मलबारिकुस’च्या अकराव्या खंडात मलबारच्या झाडांमध्ये तिचं चित्र आहे. कंद कसा भाजायचा हे सांगणारं माणूस काही तिच्याबरोबर गलबतात बसलं नाही.

पुढे फ्रेंच माळ्यांनी तर कंदाकडे पाठच फिरवली. तेओदोर आने हे चिलीत वकिलातीच्या कामावर होते. तिथून परतल्यावर पॅरिसजवळच्या पासी इथे त्यांनी १८४८च्या सुमारास पहिला संकर फुलवला, आणि मग लियॉनच्या क्रोझींनी बुटक्या, भरघोस फुलांच्या जातींचा सपाटा लावला. कर्दळीचं फूल हातात घेऊन उलगडलं की या मंडळींचा उद्योग कळतो. आपण पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नव्हेतच. खऱ्या पाकळ्या खाली, अरुंद, देठाला बिलगून बसलेल्या. वर झळकतात ते पसरट झालेले वांझ पुंकेसर. त्यातल्या एकाच्याच कडेला अर्धा परागकोश शिल्लक असतो, बाकी नुसता थाट. हा थाट रुंद करण्यात त्यांच्या हयाती गेल्या.

हिंदुस्थानात साहेबाच्या बागेत आली ती हीच थाटाची कर्दळ. कलकत्त्याची बागायत संस्था १८२० साली विल्यम कॅरी यांनी काढली. १८१०चा मराठी शब्दकोश केला तेच हे कॅरी! त्यांच्या संस्थेच्या अलीपूरच्या बागेत नंतर पर्सी-लँकेस्टर घराण्याने कर्दळीच्या कितीतरी नव्या जाती काढल्या. पश्चिम हिंदुस्थानची तशीच संस्था १८३०ची, पुण्याची एम्प्रेस गार्डन सांभाळणारी. रेल्वे स्टेशनांवर लाल-पिवळे ताफे लागले ते याच हौसेतून.

आमच्या कोकणातल्या घरी ताफे कसले, न्हाणीच्या पन्हळीपाशी अळू, केळ आणि कर्दळ. आम्ही मुलं फूल उपटून बुडाचा मध चोखायचो, आणि काटेरी दिसणाऱ्या पण मऊ बोंडांतल्या काळ्या बिया नळीतून उडवायचो. ही बी फार चिवट. अर्जेंटिनात सांता रोसा दे तास्तील इथल्या थडग्यात आक्रोडाच्या कवच्यांची खुळखुळमाळ सापडली, त्यातली एक कर्दळीची बी सुमारे सहाशे वर्षांनी रुजली. झिम्बाब्वेत भोपळ्याच्या खुळखुळ्यात, होशोत, याच बिया भरतात. आमच्याकडे सत्यनारायणाला केळीचे खांब मिळाले नाहीत तर चौरंगाला कर्दळ बांधायची, एवढाच काय तो तिचा मान.

व्हिएतनाममध्ये तिचं नशीब उघडलं. तिथे कंद किसून, धुऊन, गाळून सत्त्व काढतात. कर्दळीच्या सत्त्वाचा कण इतका मोठा की पाण्यात झटकन तळाशी बसतो, तवकिलासारखी वाट बघावी लागत नाही. त्याच्या पारदर्शक शेवया, मिएन, बांबूच्या ताट्यांवर वाळत घातलेल्या असतात. नव्या वर्षाच्या सणाला त्या लागतातच. कोलंबियाच्या उइला प्रांतात याच पिठाची चीज घातलेली बिस्किटं होतात.

आपल्याकडे सत्त्वासाठी तवकील होतं, नंतर साबुदाणा आला. कर्दळीची कोणाला निकड भासली नाही असं मला वाटतं. शिवाय कंद तंतूदार, शिजायला तास न् तास घेणारा. बटाट्यापुढे कोण विचारतो?

कोणाला हौस असेलच तर बारीक लाल फुलांची, जाड कंदाची जुनी जात लावावी आणि कंद कोवळे असतानाच काढावेत. फक्त न्हाणीमागची कर्दळ खाऊ नये. सांडपाण्यातला मळ ओढून घेण्यात ती पटाईत आहे, म्हणूनच तर नागपूरच्या ‘नीरी’च्या फायटोरिड पद्धतीत सांडपाणी शुद्ध करायला तिला कामाला लावतात.