मधला दुभाषी : संगणक, टीव्ही आणि रिसीव्हर यांच्यातील तारेचा इतिहास

१/ संगणकाचा दुसरा पडदा म्हणून टीव्ही जोडायचा आणि आवाज मोठ्या स्पीकरमधून यावा म्हणून ती तार होम थिएटरच्या रिसीव्हरमधून न्यायची, ही मांडणी वरकरणी सोपी आहे. प्रत्यक्षात कधी पडदा काळाच राहतो, कधी चित्राच्या कडा कापल्या जातात, तर कधी अस्तित्वात नसलेला मॉनिटर संगणकाला दिसू लागतो. दोष तारेला दिला जातो. मित्रहो, या दोषांना स्वतंत्र इतिहास आहे आणि तो जाणल्याखेरीज त्यांचे निवारण ही केवळ चाचपड ठरते.

२/ प्रारंभ १९८७ चा. आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणले. त्याच्या १५ पिनांच्या जोडणीत काही पिना मॉनिटरची ओळख पटवण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. मॉनिटरने त्यांपैकी कोणत्या पिना जमिनीशी जोडल्या आहेत, एवढ्यावरून संगणकाने तो रंगीत की एकरंगी हे ताडायचे. ओळखीची ही भाषा मोजक्या खुणांची होती. मॉनिटरचे प्रकार वाढले तशी ती अपुरी पडली.

३/ १९९४ मध्ये व्हेसा या उद्योगसंघटनेने उत्तर शोधले : ईडीआयडी. मॉनिटरने स्वतःचे ओळखपत्र १२८ बाइट्समध्ये बाळगावे आणि संगणकाने ते वाचावे. निर्मात्याची तीन अक्षरी खूण, पडद्याचे आकारमान, झेपणारी रिझोल्यूशन्स, सारे त्यात. सर्व बाइट्सची बेरीज २५६ ने निःशेष भागली गेली, तरच ते पत्र ग्राह्य. आजही संगणक पडद्याला प्रथम हेच पत्र मागतो.

४/ या पत्राला त्याच्या काळाच्या मर्यादा होत्या. जागा वाचवण्यासाठी प्रमाणित रिझोल्यूशनची रुंदी आठाच्या पटीतच लिहिण्याची सोय होती. पुढे १३६६ × ७६८ चे पडदे घरोघरी आले. पण १३६६ ला ८ ने भाग जात नाही! तपशीलवार नोंदीत ही संख्या लिहिता येत असे, परंतु ज्या संचांत ती लिहिलेली नव्हती, तिथे संगणक १३६० किंवा १२८० वर थांबे आणि अक्षरे पुसट दिसत.

५/ आता दुसरा उद्योग : दूरचित्रवाणी. जुन्या काचनळीच्या टीव्हीत चित्राचा आकार विद्युतदाबानुसार आणि नळीच्या वयानुसार कमीजास्त होई. म्हणून चित्र मुद्दाम पडद्याबाहेर थोडे सांडू देत. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात. नळ्या गेल्या, रिवाज उरला. बातमीदाराच्या खांद्याची कड कापली गेली तर कुणाला कळत नाही. संगणकाची टास्कबार कापली गेली की मात्र तत्काळ कळते.

६/ २००२ च्या डिसेंबरमध्ये सात कंपन्यांनी एचडीएमआयची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली : हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा. १९९९ च्या डीव्हीआयमध्ये केवळ चित्र होते. इथे त्याच तारेत आवाजही आला. तोवर चित्राची आणि आवाजाची तार वेगळी असल्याने आवाजापुरता रिसीव्हर चित्राच्या वाटेबाहेर ठेवता येई. आता आवाज हवा तर चित्रही त्याच्यातूनच जाणार. रिसीव्हर असा मधोमध येऊन बसला.

७/ त्यातून एक विलक्षण परिणाम घडला. एचडीएमआयमधील आवाज चित्राच्या दोन ओळींमधल्या रिक्त काळात प्रवास करतो. हा रिक्त काळ म्हणजे काचनळीतील किरणाला पुढच्या ओळीच्या आरंभी परतण्यासाठी दिलेली सवड! अर्थात चित्र नसेल तर आवाजालाही वाट नाही. म्हणूनच केवळ आवाजासाठी रिसीव्हर जोडला तरी संगणकाला एक मॉनिटर वाढल्याचे दिसते आणि माउसचा बाण त्या अदृश्य पडद्यावर हरवतो.

८/ मधल्या रिसीव्हरची भूमिका दरबारातील वकिलासारखी असते. वकील धन्याचे म्हणणे मांडतो, पण त्यात त्याची स्वतःची कुवतही मिसळते. रिसीव्हर टीव्हीचे ईडीआयडी वाचतो, त्यात आपल्या आवाजाच्या क्षमता घालतो, स्वतःला न झेपणारे वगळतो आणि मग संगणकापुढे ठेवतो. तो बंद असेल किंवा त्याचा इनपुट बदलला, तर काही संचांत हे पत्रच नाहीसे होते. संगणक समजतो की पडदा काढून नेला, आणि सर्व खिडक्या पहिल्या पडद्यावर येऊन पडतात.

९/ तिसरा उद्योग चित्रपटांचा. नक्कल रोखण्यासाठी इंटेलने एचडीसीपी ही कूटपद्धती रचली. तिच्या पहिल्या पिढीत रिसीव्हरला आपल्यापुढील प्रत्येक उपकरणाची ओळख संगणकाला कळवावी लागते. उपकरणे कमाल १२७, पायऱ्या कमाल ७ आणि यादीची प्रतीक्षा ५ सेकंद. पडद्यावरचा तो अस्वस्थ काळोख पुष्कळदा याच पडताळणीचा असतो. २०१० मध्ये या पद्धतीची मूळ किल्ली उघड झाली आणि ती खरी असल्याचे इंटेलनेही मान्य केले. कुलूप निकामी झाले, तरी पहारा उठला नाही; त्याचा जाच रीतसर खरेदी करणाऱ्यालाच अधिक झाला. पुढे ४के चित्रपटांसाठी एचडीसीपी २.२ आवश्यक ठरले आणि आवाजात काहीही उणे नसलेले अनेक रिसीव्हर एका रात्रीत ‘जुने’ झाले.

१०/ या इतिहासातून निदानाचा क्रम आपोआप मिळतो.
• प्रथम टीव्ही थेट संगणकाला जोडावा. चित्र आले, तर दोष बहुधा रिसीव्हरच्या टप्प्यात आहे.
• टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी संगणक या क्रमाने सुरू करावे, म्हणजे पत्र वेळेवर पोहोचते.
• कडा कापल्या असतील, तर टीव्हीतील ओव्हरस्कॅन बंद करावा.
• डेस्कटॉप दिसतो, पण चित्रपट लावताच पडदा काळा होतो? संशय एचडीसीपीवर घ्यावा.
• दोन्ही पडद्यांवर तेच चित्र असेल, तर संगणक दोघांना झेपेल असे रिझोल्यूशन शोधतो. ‘एक्स्टेंड’ निवडल्यास प्रत्येकाला आपापले मिळते.

११/ आणि एवढ्याने भागले नाही तर? २००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये एआरसी ही सोय आली. तार थेट टीव्हीला जाते आणि टीव्ही आवाज मागे रिसीव्हरकडे पाठवतो. चित्राच्या वाटेतून दुभाषी बाजूला होतो आणि आवाजाचे आपले मूळ काम करू लागतो. दोन्ही उपकरणांत ही सोय असेल, तर जुना रिसीव्हर भंगारात देण्याचे कारण उरत नाही.

१२/ संगणकाला अचूक ठिपका हवा होता, टीव्हीला भरलेला पडदा, चित्रपटसृष्टीला पहारा. तिघांचे करार एकाच तारेत कोंबले गेले आणि ते पाळण्याची जबाबदारी मधल्या पेटीवर आली. म्हणून पुढच्या वेळी पडदा काळा झाला की नवी तार विकत घेण्याआधी एवढेच विचारावे : या क्षणी तिघांपैकी कोणाचा करार मोडला आहे?