गल्ल्यातले निळे पंप

इतवारीत आमचं किराण्याचं ठोक दुकान आहे. दिवाळीत पुण्याहून घरी गेलो होतो. हिशेब बघायला गल्ला उघडला, तर चिल्लरीच्या मागे निळे पंप. नऊ, सगळे रिकामे. बाबांना जुना दमा आहे. मिरचीची पोती उतरली की खोकला सुरू होतो.

"मले काही होत नाही," ते म्हणाले, "दोन मारले का छाती मोकळी."

मी सॉफ्टवेअरवाला, आकडे सोडवत नाहीत. एका पंपात २०० फवारे. नऊ पंप दहा महिन्यांत संपले, म्हणजे रोज सहा फवारे. ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्या माणसाचे!

रात्री वाचत बसलो आणि लक्षात आलं, हा हिशेब साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात मांडून झालेला आहे.

आराम देणारी औषधं तशी जुनीच. आपल्याकडे दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढत; १८०२ मध्ये हा उपाय मद्रासहून ब्रिटनला गेला. पुढे काचेच्या नळीला रबरी फुगा जोडलेली फवारणी आली. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. केसांच्या स्प्रेसारखं औषध डबीत का मिळत नाही, असं तिनं वडिलांना विचारलं. १९५६ मध्ये मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला. खिशात मावणारा, दाबताच आराम.

मग १९६० नंतर इंग्लंड-वेल्समध्ये दम्याचे मृत्यू वाढू लागले. ५ ते ३४ या वयोगटात काही वर्षांत सुमारे तिपटीनं. स्पायझर, डॉल आणि हीफ यांनी १९६८ मध्ये ही वाढ मांडली. पंपांची विक्रीही त्याच काळात वाढली होती. त्या वर्षी ब्रिटनमध्ये हे पंप डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणं बंद झालं. तेव्हाचं औषध, आयसोप्रिनलीन, हृदयालाही धडधडवायचं. काही देशांत त्याचा पाचपट तीव्र पंप मिळे. १९७२ मध्ये पॉल स्टोली यांनी दाखवलं, की मृत्यूंची लाट बहुतांशी अशाच देशांत आली. तो पंप न विकणाऱ्या अमेरिकेत आली नाही. औषधानं माणसं मेली, की पंपाच्या भरवशावर दवाखान्यात उशिरा पोचली, यावर पुढे बराच वाद झाला.

१९६९ मध्ये हृदयाला कमी त्रास देणारं साल्ब्युटामॉल आलं. बाबांच्या निळ्या पंपात तेच असतं. पण मूळ गोष्ट बदलली नाही. दम्यात श्वासनळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आतलं अस्तर सुजतं. निळा पंप स्नायू सैल करतो. सूज तशीच राहते. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप १९७२ मध्ये आला. नुसत्या निळ्या पंपावर राहू नका, हे मात्र दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं. वर्षाला तीन किंवा अधिक निळे पंप लागले तर मोठ्या झटक्याचा धोका वाढतो, बारा किंवा अधिक लागले तर मृत्यूचा. बाबा नवावर होते.

सकाळी त्यांना म्हटलं, "मारून दाखवा." त्यांनी आधी दाबलं, मग श्वास ओढला. औषध जिभेवरच. एक फवारा वाया, म्हणून दुसरा, मग तिसरा.

छातीच्या डॉक्टरांनी नीट शिकवलं. पंप हलवायचा, पूर्ण श्वास सोडायचा, ओठ घट्ट लावायचे, हळू श्वास ओढायला लागतानाच दाबायचं, मग दहा सेकंद श्वास रोखायचा. जमत नसेल तर स्पेसर नावाची नळकांडी लावायची. रोजचा स्टेरॉइडचा पंप वेगळा दिला. तो घेतल्यावर चूळ भरून थुंकायची. आणि २०० फवारे झाल्यावरही डबी फुसफुसते, पण त्यात औषध असेलच असं नाही, म्हणून मोजायचं.

"याच्यानं तं काहीच वाटत नाही," नव्या पंपाबद्दल बाबांची तक्रार. तोच तर घोटाळा आहे. जो लगेच जाणवतो त्याच्यावर भरवसा बसतो. जो गुपचूप काम करतो तो कपाटात राहतो.

आता खोक्यावर ते पेनानं रेघा मारतात, पोती मोजल्यासारख्या. डिसेंबरभरात निळ्याच्या पाच रेघा झाल्या. खरी परीक्षा नव्या मिरचीच्या गाड्या आल्यावर. तोवर गल्ल्यातले ते नऊ मी फेकलेले नाहीत.